तारीख एक, दिवस दोन

२३ एप्रिल आला की दिनविशेषवाल्यांच्या अंगात येतं. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस १६१६ साली एकाच दिवशी गेले म्हणे! त्यात युनेस्कोनं १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिन याच तारखेला ठेवला, मग तर विचारायलाच नको.

साफ चूक. स्पेननं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं. इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनला चिकटून बसलं, कारण नवं कॅलेंडर पोपचं! तेव्हा फरक दहा दिवसांचा. शेक्सपिअर गेला त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे होता. बरं, सर्व्हान्तेस गेला २२ एप्रिलला. २३ ही त्याच्या दफनाची तारीख.

टाइमझोन न बघता कुणी दोन सर्व्हरचे लॉग जुळवले, तर आपण त्याला फाडून खाऊ. इथे मात्र लगेच फॉरवर्ड. "तारीखच तर आहे, काय बिघडतं?" अहो, धर्माच्या भांडणापायी दोन देश दिवससुद्धा वेगळे मोजत होते, ही खरी भन्नाट गोष्ट त्या फुकटच्या योगायोगाखाली गाडली जाते ना!

आणि हो, गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२ च्या नाताळात न्यूटन जन्मला, हेही त्यातलंच. गॅलिलिओच्या इटलीत तेव्हा ४ जानेवारी १६४३ होता.