सहीवर टांगलेला मुक्काम



परदेशाशी संबंध असलेली लग्नाची तक्रार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. नवरा अमेरिकेत, बायको इथे, आणि तो फोन उचलत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या सल्ला केंद्रात मात्र वेगळ्याच वाटेनं आलेले प्रश्न येऊ लागले आहेत. कोकणातल्या, गोव्यातल्या मुली आखातात नर्स म्हणून, हॉटेलांत, दुकानांत कामाला जातात. त्याच वॉर्डात, त्याच काउंटरवर फिलिपिनो मुलंमुली असतात. गोव्याचे खलाशी तर कितीतरी वर्षं फिलिपिनो खलाशांबरोबर एकाच जहाजावर नोकरी करत आले आहेत. ओळखी होतात, लग्नं होतात. पुढे नोकरीचा करार संपतो आणि आता घर कुठे मांडायचं हा प्रश्न उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नर्सनं मला विचारलं, “ताई, मला तिकडे कायमचं राहू देतील ना? लग्न तर झालंय.”

सगळी गोम या ‘लग्न तर झालंय’मध्ये आहे. आपल्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं की लग्न झालं म्हणजे घर मिळालं. फिलिपाइन्सचा कायदा तसं म्हणत नाही. (आणि तिथे पोचल्यावर तिला आणखी एक नाव मिळेल. भारतीय माणसाला तिथे सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात. हे नाव आपल्या मुंबईवरून पडलेलं, पण ते चिकटलंय मुख्यतः गल्लोगल्ली फिरून पाचाचे सहा करून घेणाऱ्या पंजाबी सावकारांना.)

त्या देशाचा इमिग्रेशनचा मूळ कायदा १९४० चा, म्हणजे अमेरिकेची सत्ता असतानाचा आहे. त्याच्या तेराव्या कलमातल्या ‘ए’ पोटकलमानुसार फिलिपिनो नागरिकाची पत्नी, पती आणि एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल यांना राहायचा व्हिसा मिळू शकतो. लोक त्याला नुसतं ‘थर्टीन-ए’ म्हणतात. अर्ज मनिलाच्या इंट्रामुरोस भागातल्या इमिग्रेशन ब्युरोत किंवा बाहेरून येताना त्यांच्या वकिलातीत करायचा. पहिलं एक वर्ष परीक्षेचं, ते नीट पार पडलं तर कायम निवास. मात्र अर्जदाराचा देश फिलिपिनो लोकांना अशीच सवलत देत असला पाहिजे, अशी परतफेडीची अट आहे. ही अट ज्यांच्या देशाला लागू पडत नाही, त्यांच्यासाठी विवाहाच्याच आधारावर तात्पुरत्या निवासाचा वेगळा व्हिसा आहे. आपला पासपोर्ट यातल्या कोणत्या खिडकीवर घेतला जाईल, हे मुलीनं सामान बांधायच्या आधी लेखी विचारून घ्यावं. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

आणखी एक वाट आहे ‘बालिकबायान’ची. या शब्दाचा अर्थ मायदेशी परतणारा. १९८९ चा कायदा आहे, २००२ मध्ये सुधारलेला. परदेशी नोकरी करून परतणाऱ्या फिलिपिनो माणसाबरोबर त्याची परदेशी बायको किंवा नवरा आला, तर त्यांना व्हिसाशिवाय एक वर्ष राहता येतं. मात्र ज्या देशांच्या नागरिकांवर निर्बंध आहेत त्यांना ही सवलत नाही, आणि जोडीदारानं प्रवास सोबतच करायला हवा. तो आधी गेला आणि ती पंधरा दिवसांनी मागून गेली, तर ही सवलत संपली. उरतो प्रवासी व्हिसा. मुदतवाढी घेत काही जणी त्यावर महिनोन् महिने काढतात, पण त्यावर संसार उभा राहत नाही.

आता ‘थर्टीन-ए’च्या कागदांकडे बघा. अर्जासोबत नवरा-बायकोचं दोघांच्या सह्यांचं विनंतीपत्र लागतं. वर्ष संपल्यावर कायम निवास मागताना पुन्हा दोघांचं पत्र, आणि आम्ही एकत्र नांदतो याचा पुरावा. म्हणजे ज्या वर्षात बाई सर्वांत एकटी असते, भाषा येत नाही, माहेर सुमारे पाच हजार किलोमीटरवर असतं, त्याच वर्षात तिच्या मुक्कामाची किल्ली नवऱ्याच्या खिशात असते. त्यानं मारलं तरी सही त्याचीच हवी. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी हे करावं लागतं असं सांगितलं जातं. खोटी लग्नं होतात हे खरं आहे. पण नवरा रोज मारतो म्हणून बाई घराबाहेर पडली, तर ते लग्न खोटं होतं असं कसं ठरतं?

या विषयावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा ३० जानेवारी १९९५ चा एक निकाल आहे. हकिकत सविस्तर सांगते, कारण ती आपल्याला परकी वाटणार नाही. एक विवाहित फिलिपिनो कामगार इंडोनेशियात कामाला गेला. १९७४ मध्ये तिथे त्यानं इस्लाम स्वीकारला आणि महिन्या-दीड महिन्यात एका इंडोनेशियन स्त्रीशी लग्न केलं. जानेवारी १९७९ मध्ये तो मायदेशी परतला आणि पाठोपाठ तीही दोन मुलांसह मनिलात उतरली. कागदोपत्री ती त्याची ‘पाहुणी’ होती. तिच्या घरच्यांनी आपला पाहुणचार केला होता, त्याची परतफेड म्हणून तिला बोलावलंय, असं त्यानं दाखवलं, हमीपत्र लिहून दिलं आणि तिला आपल्याच घरात, पहिल्या बायकोच्या संसारात आणून ठेवलं. १९८१ मध्ये पहिल्या बायकोला खरं नातं कळलं. तिनं फौजदारी तक्रार केली, ती फेटाळली गेली. १९८२ मध्ये त्या इंडोनेशियन स्त्रीला ‘थर्टीन-ए’खाली कायम निवास मिळाला. नंतर पहिल्या बायकोच्या मोठ्या मुलानं तक्रार केली. तिला अटक झाली, पुढे जामिनावर सुटका, आणि १९९० मध्ये इमिग्रेशन खात्यानं तिचा व्हिसा रद्द केला.

न्यायालयानं काय म्हटलं? फिलिपिनो नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश मिळण्याची, कायम निवास मिळण्याची तर दूरच, हमी देणारा कोणताही कायदा नाही. लग्नामुळे ती इमिग्रेशनच्या कायद्याबाहेर जात नाही. तिचा प्रवेश खरी गोष्ट लपवून झाला, म्हणून तो दोषी. मात्र हद्दपारीची कारवाई पाच वर्षांच्या आत व्हायला हवी होती, ती मुदत उलटून गेली होती, म्हणून ती हद्दपारीतून वाचली. न्याय म्हणून नाही, कॅलेंडरमुळे.

या गोष्टीत पाहुणचाराची बतावणी कोणी केली? हमीपत्र कोणी लिहिलं? पण तुरुंगात कोण गेलं, व्हिसा कोणाचा गेला? आणि पहिली बायको, जिला घटस्फोटाचा मार्गच नव्हता, तिच्या हाती काय पडलं? निकालाच्या कागदावर या दोघी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या दिसतात. आपल्या केंद्रात त्या आल्या असत्या तर आपण दोघींनाही बसवून पाणी दिलं असतं. योगायोग असा की, त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सरला मुद्गल खटल्यात सांगितलं, की पहिलं लग्न कायम असताना हिंदू नवऱ्यानं धर्म बदलून दुसरं लग्न केलं तर तो द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटत नाही. धर्मांतराची ही पळवाट कुठल्या एका देशाची मिरास नाही.

म्हणून माझ्या मते व्हिसाच्या अर्जाआधी एक कागद मागवला पाहिजे. फिलिपाइन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणाकडून माणसाच्या नावावर विवाहाची नोंद नसल्याचा दाखला मिळतो, त्याला ‘सेनोमार’ म्हणतात. तिथे मुस्लिम नागरिकांसाठीचा १९७७ चा वैयक्तिक कायदा सोडला तर घटस्फोट नाही. मे २०२४ मध्ये त्यांच्या प्रतिनिधिगृहानं घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, पण ते सिनेटमधून पार पडून कायदा झालं नाही. तेव्हा ‘मी बायकोपासून वेगळा राहतो’ असं आखातात सांगणारा माणूस बहुधा कायद्यानं विवाहितच असतो. त्याच्याशी झालेलं लग्न तिथे रद्दबातल, आणि रद्दबातल लग्नावर कसला व्हिसा? परदेशी जोडीदारानं बाहेर घेतलेला घटस्फोट १९८८ पासून अमलात असलेली कुटुंबसंहिता मानते. फिलिपिनो जोडीदारानं स्वतः बाहेर घेतलेला घटस्फोटही चालतो, हे ठरायला २०१८ चा निकाल यावा लागला. दोन्हींत तिथल्या न्यायालयाची मान्यता लागतेच. लग्न आखातात किंवा इथे झालं असेल तर त्याची नोंद फिलिपिनो वकिलातीत करून घ्यावी, नाहीतर पुढचा एकही कागद हलत नाही.

व्हिसा मिळाला, समजा. पोटाचं काय? कायम निवासी व्यक्तीला नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही, हे चांगलं आहे. पण १९८७ च्या राज्यघटनेनं सर्व व्यवसाय, कायद्यानं केलेले अपवाद वगळता, फिलिपिनो नागरिकांसाठी राखून ठेवले आहेत. दहा वर्षं अतिदक्षता विभागात राबलेली आपली नर्स तिथे नर्स म्हणून उभी राहीलच असं नाही. पगार मिळवणारी बाई विमानातून उतरताच ‘अवलंबून असलेली’ होते. शिवाय जमीन. परदेशी व्यक्तीला वारसाहक्काशिवाय जमीन घेता येत नाही. बाईनं आखातातली शिल्लक नवऱ्याच्या नावच्या प्लॉटमध्ये आणि घरात घातली, तर ती परत मागायची सोय जवळजवळ नाही. २००६ मध्ये एका जर्मन नवऱ्यानं बायकोच्या नावे घेतलेल्या जमिनीसाठी घातलेले पैसे मागितले, तेव्हा न्यायालयानं घटनेकडे बोट दाखवून नकार दिला. तो पुरुष होता, पण हाच नियम परदेशी बायकोलाही लागतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलींना मी हे सर्वांत आधी सांगते, आणि सर्वांत कमी ऐकून घेतलं जातं ते हेच. (फ्लॅट घेता येतो, इमारतीतला परदेशी हिस्सा मर्यादेत असेल तर.)

नागरिकत्वाच्या कायद्यात एक जुना तुकडा आहे. फिलिपिनो पुरुषाची परदेशी पत्नी, ती अपात्र नसेल तर, लग्नामुळेच नागरिक मानली जाते. १९७१ च्या एका निकालानं हे पक्कं केलं. परदेशी नवऱ्याला अशी सोय नाही. त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो, फक्त दहा वर्षं वास्तव्याची अट पाचावर येते. वाचताना वाटतं, बघा, बायकांना सवलत! पण यामागची समजूत एकच आहे, बायको नवऱ्याच्या मागून चालते. याच समजुतीनं १९७३ च्या घटनेआधी परक्याशी लग्न करून त्याचं नागरिकत्व मिळवलेल्या फिलिपिनो स्त्रीचं स्वतःचं नागरिकत्व जात होतं. आपल्या १९५५ च्या कायद्यातही विवाहावरून नोंदणीची सोय १९८६ पर्यंत फक्त बायकांना होती, आणि परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळायला १९९२ उजाडलं. मला हे कलम आवडत नाही. पण अडलेल्या बाईनं ते वापरू नये असंही मी म्हणणार नाही. एवढंच लक्षात ठेवावं, की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारताचं जातं.

मारहाणीबाबत फिलिपाइन्सचा २००४ चा कायदा चांगला आहे. शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळ चारही त्यात येतात. बारांगाय म्हणजे वस्ती पातळीवरचं पंचायतीसारखं कार्यालय, तिथूनच पंधरा दिवसांचा संरक्षण आदेश मिळतो. पण परदेशी बायकोच्या मुक्कामाचं काय, याची तरतूद त्यात नाही. आदेश हातात आणि व्हिसा नवऱ्याच्या सहीवर, अशी तिची गत होते.

हे बदलता येतं. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात असंच एक वर्षाचं परीक्षेचं कलम होतं. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या आपल्याच उपखंडातल्या बायकांच्या गटानं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवली. हिंसेमुळे घर सोडलेल्या बाईला राहू देण्याची सवलत १९९९ मध्ये मिळाली आणि २००२ मध्ये ती नियमांत आली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं मार खाणाऱ्या बायकोला नवऱ्याच्या सहीविना स्वतः अर्ज करण्याचा हक्क दिला. परतफेडीच्या तत्त्वावर व्हिसा देणाऱ्या देशानं ही गोष्टही परतफेडीत घ्यायला काय हरकत आहे?

आपलं घरही साफ नाही. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला दोन वर्षांच्या नोंदणीकृत विवाहानंतर ओसीआय कार्ड मिळू शकतं, आणि विवाह संपला की २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे तेच कार्ड रद्द होऊ शकतं. आखातातून नवऱ्याबरोबर वेंगुर्ल्याला किंवा मडगावला नांदायला आलेल्या फिलिपिनो सुनेची अडचण त्यामुळे आपल्या नर्ससारखीच आहे, फक्त दिशा उलटी. अशा सुना आपल्या गटांच्या बैठकांना येत नाहीत, कारण आपण त्यांना बोलावत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातल्या गटांनी आपापल्या गावात अशा कोण आहेत ते पाहावं, त्यांच्या कार्डाची आणि व्हिसाची मुदत कधी संपते ते विचारावं, आणि आम्हाला कळवावं. फिलिपाइन्समध्ये १९८४ पासून काम करणाऱ्या गॅब्रिएला या संघटनेशी किंवा तिथल्या इतर स्त्रीगटांशी कोणाचा संपर्क असेल तर तोही कळवा. व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची मराठी यादी तयार होते आहे. पुढच्या अंकाबरोबर ती सुटी छापून पाठवू, म्हणजे आखातात निघालेल्या मुलीच्या बॅगेत टाकता येईल.