हाकेला ओ न देणारे मूल

आईने हाक मारावी आणि मुलाने ओ द्यावी, हा जगातला बहुधा सर्वांत जुना संवाद असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये मलेशियातील एका जंगलात या संवादाची एकच बाजू दिवसामागून दिवस घुमत राहिली. पंधरा वर्षांच्या एका मुलीला शोधणारी माणसे झाडीतून पुढे सरकत होती आणि ध्वनिक्षेपकावरून तिच्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला जात होता. ओळखीचा आवाज ऐकून ती कुठून तरी बाहेर येईल, निदान हुंकार तरी देईल, अशी आशा होती. तिकडून ओ आली नाही.

कुटुंब लंडनमध्ये राहणारे. आई आयरिश, वडील फ्रेंच, तीन मुले. त्यांतली ही थोरली. ३ ऑगस्टला सारेजण सुट्टीसाठी सेरेम्बान शहराजवळच्या डोंगरातील एका पर्यटक निवासात पोहोचले. कुआलालंपूरच्या दक्षिणेला, जंगलाच्या अगदी कडेला असलेली ही जागा. लंबा विमानप्रवास, लंडनच्या घड्याळापेक्षा सात तास पुढचे घड्याळ, अनोळखी खोल्या, अनोळखी अंधार. मुले झोपी गेली. दुसऱ्या दिवशी, ४ ऑगस्टच्या सकाळी वडील पाहतात तो थोरलीचे अंथरूण रिकामे आणि खालच्या मजल्यावरची खिडकी उघडी.

ही मुलगी वयाने पंधरा वर्षांची असली तरी तिची समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी होती. गर्भावस्थेत मेंदूची दोन अंगे नीट वेगळी न होण्याचा एक दुर्मिळ विकार असतो. तो तिला जन्मजात होता. बोलणे मर्यादित, चालताना तोल बेताचा. पैशाचा व्यवहार तिला कळत नव्हता, स्वतः दूरध्वनी करणे जमत नव्हते. घरातल्यांच्या सांगण्याप्रमाणे ती लाजाळू होती, आईला चिकटून असायची आणि एकटी कुठे जाणारी नव्हती.

शोध मोठा झाला. पोलीस, अग्निशमन दल, वनखाते, हेलिकॉप्टर, ड्रोन, माग काढणारी कुत्री आणि जंगलाची खडान्‌खडा माहिती असणारे ओरांग अस्ली हे तिथले आदिवासी. साडेतीनशेहून अधिक माणसे त्या रानात उतरली होती. बेलफास्टमधील एका व्यवसायाने स्वतःचे नाव न सांगता पन्नास हजार रिंगिटचे इनाम देऊ केले. अखेर दहाव्या दिवशी, १३ ऑगस्टला, स्वयंसेवकांच्या एका तुकडीला निवासापासून सुमारे अडीच किलोमीटरवर एका ओढ्याजवळ तिचा मृतदेह सापडला. शोधपथके त्या भागातून आधी जाऊन आली होती, हेही पोलिसांनी सांगितले.

शवविच्छेदनाच्या अहवालाने सर्वांनाच अस्वस्थ केले. दीर्घकाळच्या उपासमारीने आणि ताणाने आतड्यात रक्तस्राव होऊन ती दगावली होती आणि मृत्यूला दोन-तीन दिवसच झाले होते. याचा अर्थ उघड आहे. शोध ऐन भरात असताना ती जवळजवळ आठवडाभर जिवंत होती. ते दिवस तिने कुठे आणि कसे काढले, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

ती गेली कशी, यावर पहिल्या दिवसापासून दोन मते होती. आईवडील म्हणत होते, आमची मुलगी अशी जाणारच नाही. तिला कुणीतरी नेले असले पाहिजे. पोलिसांना अपहरणाचा पुरावा दिसत नव्हता. ती स्वतःच खिडकीतून बाहेर पडली आणि वाट चुकली, असे त्यांना वाटत होते. ऑगस्ट २०२० मध्ये सेरेम्बानच्या न्यायालयात मृत्यूची चौकशी सुरू झाली, ४८ साक्षीदार तपासले गेले आणि ४ जानेवारी २०२१ रोजी हा अपघाती मृत्यू असल्याचा निष्कर्ष दिला गेला. आईवडिलांनी त्याला आव्हान दिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला आणि मृत्यूचे कारण अनिर्णित ठेवले. अशा मुलीने अनवाणी, एकटीने, तो चढउताराचा प्रदेश पार करावा आणि इतके दिवस कुणाच्या दृष्टीस पडू नये, हे तिच्या एकंदर वागण्याशी जुळत नाही, असे न्यायमूर्तींना वाटले. प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही; पण उत्तर मिळालेले नाही, एवढे तरी न्यायालयाने मान्य केले. त्या आईबापांनी इतके महिने झगडून मिळवले ते एवढेच.

यात खरे कोण आणि खोटे कोण, हे इथे बसून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण या प्रकरणात आपण शिकण्यासारखे काही आहे, आणि ते दोन्ही मतांच्या पलीकडचे आहे. हरवलेले मूल शोधायचे तर ते मूल कसे आहे हे आधी समजून घ्यावे लागते. मोठ्या माणसाचा शोध हाका मारून घेता येतो. तो वाट चुकला तरी आवाजाच्या दिशेने येतो, काठी आपटतो, ओरडतो. बौद्धिक अक्षमता असलेले मूल यातले काहीच करील याची खात्री नसते. हरवलेली माणसे कशी वागतात, याचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक रॉबर्ट कोस्टर यांनी शोधमोहिमांच्या हजारो नोंदी गोळा करून २००८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. गिर्यारोहक, शिकारी, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, निरनिराळ्या वयाची मुले असे गट त्यांनी पाडले आहेत आणि प्रत्येक गटाची हरवण्याची रीत वेगळी असल्याचे दाखवले आहे. अशी मुले शोधणाऱ्यांच्या हाकेला सहसा ओ देत नाहीत, मदत मागत नाहीत; घाबरली की झुडपात, आडोशाला लपून बसतात. शोधणारा चार पावलांवरून निघून जातो आणि मूल गप्पच राहते. आपण हरवलो आहोत, हेच मुळी त्याला कळलेले नसते. कळले तरी ते सांगायचे कसे, हे ठाऊक नसते.

म्हणून अशा मुलाचा शोध कानांनी नव्हे, डोळ्यांनी आणि हातांनी घ्यावा लागतो. एकदा पाहिलेली जागा पुन्हा पाहावी लागते. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, म्हणून तलाव, विहीर, ओढा आधी गाठावा लागतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. ‘आमचे मूल जाणारच नाही’ हा आईबापांचा विश्वास खोटा नसतो. तो त्यांच्या रोजच्या घरातला, रोजच्या दिनक्रमातला अनुभव असतो. पण परक्या गावात, पहिल्या रात्री, झोपेचे चक्र उलटे झालेले असताना ते घर आणि तो दिनक्रमच शिल्लक नसतो. तिथे आपले मूल आपल्यालाही थोडे अनोळखी असते.

आता आपल्या घरात डोकावू या. थायलंड, सिंगापूर, मलेशियाच्या सहली आज पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर कोल्हापूर, नाशिक, नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांनाही नव्या राहिलेल्या नाहीत. यांतल्या काही घरांत असे एखादे मूल असते. सहलीचा विषय निघाला की घरातली वडीलधारी मंडळी प्रेमापोटीच म्हणतात, “अगं, त्याला कशाला नेता एवढ्या लांब? मी सांभाळते ना इथे. तुम्ही या जाऊन.” आणि दुर्दैवाने परदेशी काही घडलेच, तर तीच मंडळी म्हणतात, “सांगत होते मी!” सेरेम्बानच्या आईबापांनाही जगभरच्या परक्या माणसांकडून असे बरेच ऐकावे लागले.

या सल्ल्यामागची काळजी खरी आहे. पण तो सल्ला चुकीचा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. मुलाला कुलूपबंद ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. कितीतरी वर्षे आपण अशा मुलांना पाहुणे आले की आतल्या खोलीत नेऊन बसवले, लग्नाकार्याला शेजारणीकडे सोडून गेलो. आता कुठे ती मुले बागेत, समुद्रावर, विमानात दिसू लागली आहेत. समुद्राची लाट पायाला लागल्यावर या मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते ज्याने पाहिले आहे, तो त्यांना घरी ठेवून जा म्हणणार नाही. सेरेम्बानला घडले ते त्या आईबापांनी मुलीला सोबत नेले म्हणून घडले, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या प्रेमालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आहे.

न्यायला हवेच, प्रश्न एवढाच की कोणत्या तयारीने न्यायचे. आपले आजी-आजोबा जत्रेला निघताना पोराच्या सदऱ्याच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी घालत. चुकामूक होणारच, असे धरून चालण्याचा हा शहाणपणा होता. विमानाने जाणाऱ्या पिढीने तो विसरण्याचे कारण नाही. मुलाच्या हाताला किंवा गळ्यात त्याचे नाव, आपला तिथला दूरध्वनी आणि ‘याला नीट बोलता येत नाही’ एवढा मजकूर स्थानिक भाषेत असावा. रोज सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र काढावे. पोलीस पहिल्यांदा विचारतात ते कपड्यांचा रंग. एका कागदावर आधीच लिहून ठेवावे : मूल हाकेला प्रतिसाद देते का, कशाला घाबरते, पाण्याकडे ओढ आहे का, गणवेशातल्या माणसाला पाहून पळते का, कोणते गाणे लावले तर थांबते, औषध कोणते आणि ते किती तास चुकले तर चालेल. ऐन वेळी आईच्या तोंडून हे नीट निघणार नाही. तेव्हा तो कागदच तिच्या वतीने बोलेल.

आणि पहिली रात्र जपावी. खोलीवर पोहोचल्यावर सामान सोडण्याआधी दारांच्या कड्या, खिडक्यांच्या खिट्ट्या, गच्ची, पोहण्याचा तलाव पाहून घ्यावा. मुलाला त्या रात्री आपल्याजवळ झोपवावे आणि अंथरूण दाराच्या बाजूला आपले असावे. तिथले आणीबाणीचे क्रमांक खिशात असावेत. मलेशियात आणि सिंगापूरमध्ये पोलिसांसाठी ९९९, थायलंडमध्ये १९१. त्यांच्याच शेजारी आपल्या वकिलातीचा क्रमांक असावा. मूल दिसेनासे झाले तर ‘असेल इथेच कुठे’ म्हणत स्वतः तासभर शोधत बसू नये. एकाने शोधावे, दुसऱ्याने त्याच मिनिटाला कळवावे.

पण सगळा भार आईबापांवरच टाकून चालणार नाही. आपल्या सहल कंपन्यांचे अर्ज पाहा. जेवण जैन हवे की साधे, खिडकीची जागा हवी का, हे अगत्याने विचारतात. सोबत विशेष गरजा असलेले कुणी आहे का आणि त्याच्यासाठी काय करावे, हा प्रश्न कितीजण विचारतात? लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये न दिसणारे अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी देण्यास सुरुवात केली. पट्टी पाहिली की कर्मचारी समजतो की या माणसाला थोडा जास्त वेळ, थोडा जास्त धीर हवा आहे. खर्च एका फितीचा. आपल्याकडच्या रेल्वे स्थानकांवर, मोठ्या यात्रांमध्ये हे करायला कुणाची हरकत असणार आहे?

कायद्याच्या बाबतीत आपण मागे नाही. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून अपहरण किंवा मानवी व्यापाराची शक्यता गृहीत धरूनच तपास सुरू करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले आहे. ११२ आणि १०९८ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. मात्र तक्रार घेणाऱ्या हवालदाराने वय, रंग, उंची यांच्यापुढे जाऊन ‘हे मूल हाकेला ओ देते का?’ असे विचारले पाहिजे. हा एक प्रश्न वहीत आला, तर पुढच्या शोधाची सारी दिशा बदलू शकते.

सेरेम्बानच्या रानात आईचा आवाज कमी पडला, असे वाटून घेण्याचे कारण नाही. त्या आवाजात जे होते ते कुठल्याही आईच्या हाकेत असते. पण काही मुलांच्या बाबतीत हाक मारून वाट पाहणे पुरेसे नसते. उठून त्यांच्यापर्यंत जावे लागते. घरात, शाळेत, शेजारात आपण हे रोज केले, तर परक्या गावातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री ते कसे करायचे हे आपल्याला नव्याने शिकावे लागणार नाही.