तार पोहोचली, शिकविणारा कोठे आहे?

अकरावीचे प्रवेश २०२५ साली प्रथमच संपूर्ण महाराष्ट्रात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले, याची चर्चा पुष्कळ झाली. तिच्याहून गंभीर गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. धडगाव वा धारणीच्या मुलाला आपल्याच तालुक्यातील महाविद्यालयात शिरण्यासाठीही आता ऑनलाइन अर्ज अपरिहार्य झाला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीत ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला होता. त्यानंतर स्मार्टफोन खेडोपाडी गेले हे खरे. परंतु तळहाताएवढ्या पडद्यावर चित्रफिती पाहणे वेगळे आणि पसंतिक्रम ठरवून, दाखले जोडून अर्ज बिनचूक भरणे वेगळे.

सरकारने खर्च केला नाही असे कोणी म्हणणार नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या तारेने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि २०२३ साली तिच्या सुधारित आवृत्तीसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. ग्रामीण संगणक साक्षरतेच्या २०१७ मधील केंद्रीय योजनेने तर मार्च २०२४ मध्ये संपण्यापूर्वी सहा कोटींचे लक्ष्य ओलांडलेही. पण तो अभ्यासक्रम होता वीस तासांचा. वीस तासांत बोटांना कळफलकाची तोंडओळख तेवढी होते, हे टंकलेखनाच्या वर्गाला गेलेला कोणताही कारकून सांगेल.

या संदर्भात वारणानगरचा अनुभव आठवण्याजोगा आहे. तेथील सहकारी संस्थांच्या परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी १९९८ साली संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. जगभरचे कृषिज्ञान शेतकऱ्याच्या दारी येणार, असे तेव्हा बोलले गेले. शेतकऱ्यांनी केंद्रे वापरली ती मुख्यतः उसाचे वजन, तोडणीचा परवाना आणि खताचा हिशेब यांसाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत हेच काम मोबाइलच्या लघुसंदेशाने करून पाहिले, तर तेही जमले. यावरून शेतकऱ्याला अनास्थेचा दोष देणाऱ्यांनी थोडे थांबावे. जे त्याच्या प्रपंचाच्या उपयोगी पडले ते त्याने स्वीकारले. आणि त्या केंद्रांवर यंत्र समजून देणारा एक चालक बसत असे, हेही विसरता कामा नये.

आज ग्रामपंचायतीत ती जागा संगणक परिचालकाची आहे. आधी ‘संग्राम’, मग ‘आपले सरकार सेवा केंद्र’, अशी पाटी बदलली. परिचालक कंत्राटीच राहिला आणि तुटपुंज्या मानधनासाठी त्याला वारंवार आंदोलने करावी लागली. माध्यमिक शाळांतील संगणक कक्षांची कथाही निराळी नाही. कंत्राटाची मुदत सरली की शिक्षक घरी, आणि अनेक ठिकाणी यंत्रे कुलपात. मग मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मराठी वा गणिताच्या शिक्षकाने स्वतःच्या फोनवरून रात्री बसून भरायचे!

परिचालकाला वेतनश्रेणी, माध्यमिक शाळांत कायमचा संगणक शिक्षक आणि सायंकाळी गावासाठी उघडा कक्ष, या मागण्या तारेच्या खर्चापुढे किरकोळ आहेत. पुढील प्रवेशांपूर्वी निदान आदिवासी तालुक्यांत तरी त्यांचा प्रारंभ व्हावा. त्यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. कोणत्या शाळेतील कक्षाला कुलूप आहे, हे शिक्षण खात्याच्या तालुका कचेरीत एका दिवसात कळू शकते.