बोलणं आमचं, बढती कुणाची?

उपयोजित भाषाविज्ञान हे नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. कोर्टात, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, शाळेत भाषेपायी माणसांचे जे प्रश्न उभे राहतात, त्यांचा अभ्यास करणारी ही विद्या. म्हणजे आपल्या रोजच्या कामातलीच. मग या विषयातल्या प्राध्यापकांची कारकीर्द कशावर उभी राहते, आणि त्यात आपल्या वाट्याला काय येतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मी सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे पूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन आणि आता मोबाइल घेऊन संशोधक येतात. नवऱ्याविरुद्ध तक्रार सांगताना बाई कुठे अडखळते, कुठे गप्प होते, हे त्यांना टिपायचं असतं. बायका विश्वासानं बोलतात, दिवसाची मजुरी बुडवून थांबतात. पुढे इंग्रजीत निबंध छापून येतो आणि कुणाची तरी बढती होते. केंद्रावर मात्र निबंधाची साधी प्रतही येत नाही. एका बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, "तो तुमच्या बायकांना समजणार नाही." ज्यांच्या बोलण्यावर निबंध उभा आहे, त्यांनाच तो समजणार नाही!

हा एकट्यादुकट्या प्राध्यापकाचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. व्यवस्थाच तशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार थेट प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध आणि १२० संशोधन-गुण लागतात. भाषाविषयांत एका शोधनिबंधाला १० गुण. पुस्तक देशी प्रकाशकानं काढलं तर १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकानं काढलं तर १२. निष्कर्ष वस्तीत परत नेऊन वाचून दाखवले, त्यावर बायकांचं म्हणणं ऐकलं, तर त्यासाठी या तक्त्यात रकानाच नाही. ज्याला गुण नाहीत, ते काम कोण करणार?

दुसरी वाट नाही असं मात्र कुणी सांगू नये. ब्रिटनमधल्या डेबोरा कॅमेरॉन यांची कारकीर्द पाहा. १९८५ साली त्यांनी स्त्रीवाद आणि भाषाशास्त्र यांचा संबंध तपासणारं पुस्तक लिहिलं. १९९२ साली चार सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी भाषासंशोधकांनाच प्रश्न केला : तुमचं संशोधन लोकांवर आहे, लोकांसाठी आहे, की लोकांबरोबर? लोकांबरोबर म्हणजे त्यांचेही प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायचे आणि मिळालेलं ज्ञान त्यांच्याशी वाटून घ्यायचं. स्वतः कॅमेरॉन यांनी लंडनमधल्या काळ्या तरुणांबरोबर भाषा आणि वंशद्वेष या विषयावर काम केलं. एवढं करून त्यांची कारकीर्द बुडाली नाही. २००४ साली त्या ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाल्या.

पण त्यांची देवी करून पूजायलाही नको. ऑक्सफर्डमधलं त्यांचं पद रूपर्ट मर्डॉक या वृत्तपत्रमालकाच्या नावाचं होतं. त्याच मर्डॉकच्या 'सन' दैनिकात १९७० पासून २०१५ पर्यंत तिसऱ्या पानावर उघड्या छातीच्या तरुणींची छायाचित्रं छापली जात. विद्यापीठाची खुर्ची कुणाच्या पैशावर उभी आहे, हे स्त्रीवादी प्राध्यापिकेच्या बाबतीतही विचारायलाच हवं.

काहीजण म्हणतात, लोकांना सामील करून घेतलं की संशोधनाची तटस्थता जाते. मी विचारते, मोबाइल चालू करून समोर बसलेली शिकलेली, पगारदार बाई तटस्थ असते का? समोरची जे बोलते, ते तिच्याकडे पाहूनच बोलते. तटस्थतेच्या नावाखाली इथे जबाबदारी झटकली जाते.

आणि काम तर ढीगभर पडलं आहे. बाई ठाण्यात सांगते, "त्यानं माझा गळा दाबला." कागदावर येतं, "किरकोळ कारणावरून वाद झाला." लिहिलेली फिर्याद तक्रारदाराला वाचून दाखवावी आणि तिची प्रत मोफत द्यावी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. पण भराभर वाचलेली ती सरकारी मराठी बाईला कळली का, हे कोण पाहतं? बाईचं बोलणं आणि ठाण्यातला कागद यांत कुठे काय गळतं, हे भाषेच्या अभ्यासकांनी आमच्याबरोबर बसून दाखवावं. कोर्टात आम्हाला त्याचा उपयोग होईल.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा संशोधक दारात आला की चार अटी घालू या. विषय ठरवताना आम्ही असू. बाईची बुडालेली मजुरी भरून द्यायची. छापण्याआधी मजकूर मराठीत वाचून दाखवायचा, आणि बाई नको म्हणेल ते गाळायचं. केंद्राला उपयोगी पडेल असं एक तरी काम करून जायचं.

अटी मान्य असतील तर चहा ठेवू, बोलू. नसतील तर आमच्या बायकांचं बोलणं कुणाच्या गुणपत्रिकेसाठी फुकट मिळणार नाही.