किती जणांत किती?

सकाळी पेपर उघडता आणि आतल्या पानावर बातमी दिसते, अमुक गोळीने धोका दुप्पट. नेमकी तीच गोळी तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. छातीत धस्स होतं.

अशा वेळी गोळी लगेच बंद करू नका. बातमी रद्दीतही टाकू नका. पेन घ्या आणि बातमीच्या कडेला एवढंच लिहा: किती जणांत किती?

याला मोठं गणित लागत नाही. बेरीज-वजाबाकी येत असेल तर तुमचं काम भागलं.

हा प्रश्न विचारला गेला नाही तर काय होतं, ते ब्रिटनने भोगलं आहे. ऑक्टोबर १९९५ मधली गोष्ट. औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या समितीने डॉक्टरांना कळवलं, की संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट आहे. बातमी टीव्हीवर आली, पेपरांत आली. घाबरून पुष्कळ बायकांनी गोळ्या थांबवल्या.

दुप्पट हा शब्द खोटा नव्हता. पण जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांत एकीला गुठळी व्हायची आणि नव्या घेणाऱ्या ७,००० बायकांत दोघींना. सात हजारांत एक जास्त, इतकाच त्या दुपटीचा अर्थ. तो बायकांपर्यंत पोचलाच नाही.

पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्यात आणखी एक वाईट गोष्ट अशी, की गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गरोदरपणातच जास्त असतो. ज्या भीतीपायी गोळी सोडली, तीच भीती मोठी होऊन पुढ्यात आली. एक साधा आकडा सांगितला असता, तर यातलं बरंचसं टळलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

धोका सांगताना जे होतं, तेच फायदा सांगतानाही होतं.

कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन नावाची गोळी तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी घेत असेल. रक्तदाब वाढलेल्या, पण आधी हृदयविकाराचा झटका न आलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवर तिची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २००३ साली छापून आला: झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरातले ३६ जण वाचले. तसं नाही. सुमारे तीन वर्षांत, खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या तिघांना झटका आला. खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या दोघांना आला. तिनाचे दोन झाले, त्यालाच ३६ टक्के म्हटलं.

मग ही गोळी कुचकामी का? मुळीच नाही, आणि इथे घाई करू नका. ज्याला आधी झटका येऊन गेलाय किंवा ज्याची अँजिओप्लास्टी झालीय, त्याचा मूळ धोका पुष्कळ मोठा असतो. समजा, शंभरातल्या तिसांना त्रास होणार असेल आणि गोळीने त्यातला तिसरा हिस्सा टळला, तर दहा माणसं वाचतात. टक्का तोच, वाचणारी माणसं दसपट. म्हणून शेजारच्या काकांनी गोळी सोडली तरी तुम्ही सोडू नका. त्यांचा धोका वेगळा, तुमचा वेगळा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा सरळ विचारा: "डॉक्टर, माझ्यासारख्या शंभर जणांनी ही गोळी पाच वर्षं घेतली, तर किती जणांचा त्रास टळेल? आणि न घेतलेल्या शंभरांत किती जणांना तो होईल?" फाइलच्या पाठीमागे लिहून न्या, म्हणजे ऐन वेळी विसरायला होणार नाही. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. विचारणाऱ्या पेशंटला समजावून सांगणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. वेळ कमी असेल तर म्हणा, "पुढच्या खेपेला सांगा, मी थांबेन."

आता दुसरा प्रश्न. हा जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. औषध घेतलेल्यांचं काय झालं, हे सगळे सांगतात. न घेतलेल्यांचं काय झालं?

२०२० चे कोरोनाचे दिवस आठवा. फोनवर सारखे निरोप यायचे, कोरोनातून बऱ्या झालेल्या कुणाचा तरी अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा. लोकांनी रात्री-अपरात्री धावपळ केली, अनोळखी माणसांसाठी प्लाझ्मा दिला. ज्यांनी केलं त्यांनी मायेने केलं. त्यांना कुणीही दोष देऊ नये. ज्यांना प्लाझ्मा मिळाला त्यातले बरेच जण बरेही झाले. मग गुण प्लाझ्माचाच, असं घरोघरी वाटलं.

त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या ३९ रुग्णालयांत चाचणी केली. मध्यम आजारी असलेले ४६४ रुग्ण घेतले. कुणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. बाकीचे उपचार दोन्हीकडे सारखे. प्लाझ्मा दिलेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न दिलेल्या २२९ पैकी ४१ जणांचं तसंच झालं. फरक नव्हताच म्हणायचा. मे २०२१ मध्ये उपचारांच्या सरकारी सूचनांतून प्लाझ्मा काढून टाकला.

कुणी म्हणेल, ४४ तर ४१ पेक्षा जास्त आहेत, मग प्लाझ्माने नुकसान केलं का? तसंही म्हणता येत नाही. नाणं शंभर वेळा उडवलं, तर छापा बरोबर ५० वेळा पडेलच असं नाही. कधी ४७, कधी ५४. दोन-तीन माणसांचा फरक असा नुसत्या योगायोगानेही येतो. म्हणून दहा-बारा जणांना गुण आला, एवढ्यावर पैसे खर्च करू नका. निदान शेकड्यांनी माणसं पाहिली का, हे विचारा. उंदरांवर झालेला प्रयोग असेल तर बातमी आनंदाने वाचा, पण त्यासाठी औषधाच्या दुकानात जाऊ नका.

तुलना नीट केली की किती मोठं काम उभं राहतं, ते आपल्या गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, वेळ आली तर इंजेक्शन कसं द्यायचं. शेजारच्या ४७ गावांत हे काम केलं नाही, पण तिथल्या जन्म-मृत्यूंची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली.

सुरुवातीला दोन्हीकडे हजार बाळांमागे साठेक बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत हा आकडा २५ च्या आसपास आला. दुसऱ्या गावांत तो साठाच्या घरातच राहिला. १९९९ मध्ये हे जगासमोर आलं. ती ४७ गावं मोजली नसती, तर कुणीही म्हटलं असतं की काळच बदलला, रस्ते झाले, बाळं वाचणारच होती. आज बाळंतीण घरी आली की आशाताई बाळाचं वजन करायला, ताप बघायला दारात येतात, त्यामागे हा पुरावा आहे. त्यांना घरात घ्या. बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नका.

शेवटी तपासण्यांबद्दल. हल्ली वाढदिवसाला आईवडिलांना फुल बॉडी चेकअप भेट देतात. हेतू चांगला असतो. पण काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये काही निघालं, तर ते नेहमी खरंच असतं असं नाही.

समजा, १,००० बायकांपैकी १० जणींना एखादा आजार आहे. तपासणीने त्यातल्या ९ जणी सापडल्या. उरलेल्या ९९० निरोगी आहेत, पण तपासणी दर शंभर निरोगी बायकांत ९ जणींना चुकून आजारी ठरवते. म्हणजे आणखी ८९ जणी. एकूण ९८ जणींच्या हाती घाबरवणारा कागद आला आणि खरा आजार ९ जणींनाच. दहातल्या नऊ जणींची झोप विनाकारण उडाली.

पण अंगावर गाठ लागली असेल, रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही. तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्रास काही नाही आणि रिपोर्टवर मात्र ठळक अक्षरांत काही आलंय, तर रात्रभर फोनवर शोधत बसू नका. कुटुंबाच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. सकाळी जुने रिपोर्ट काढा, तारखांप्रमाणे लावा, चालू औषधांची यादी सोबत घ्या आणि तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यांना दोन गोष्टी विचारा: असा रिपोर्ट आलेल्या शंभर जणांत खरा आजार किती जणांना निघतो, आणि खात्री करायला पुढची तपासणी कोणती. आईवडील जाणार असतील तर कुणीतरी बरोबर जा, आणि डॉक्टर सांगतील ते तिथेच लिहून घ्या.