चित्रकलेचा तास आणि यंत्राची सोय

शिक्षकाचे काम हलके करावे, या म्हणण्यास विरोध करणारा मनुष्य आजच्या काळी विरळाच. त्यातून तो शिक्षक चित्रकलेचा असेल, तर विरोधास जागाच उरत नाही. कारण शाळेतील जास्तीत जास्त हमाली ज्याच्या वाट्यास येते आणि कमीत कमी मान ज्याच्या पदरी पडतो, असा हाच एक गृहस्थ आहे. तेव्हा डिजिटल फळा, तयार धड्यांच्या चित्रफिती आणि दोन शब्द सांगताच चित्र हजर करणारी कृत्रिम बुद्धी ही सर्व मंडळी त्याच्या साहाय्यास धावून आली आहेत, असे व्याख्यानांतून व जाहिरातींतून सांगण्यात आले म्हणजे ऐकणाराने मान डोलवावी, हे स्वाभाविकच होय. आम्ही मात्र मान डोलवण्यापूर्वी एवढेच विचारू इच्छितो की, हलके करावयाचे ते काम कोणते?

उदाहरणादाखल आमचा हिंगोली जिल्हा घ्या. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा मुलूख. येथील एखाद्या खेड्यातील माध्यमिक शाळेत कलाशिक्षक असलाच, तर त्याचा दिवस कसा जातो ते पाहावे. सकाळी फळ्यावर सुविचार त्याने लिहावयाचा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची आणि २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाची रांगोळी व सजावट त्याने करावयाची. स्नेहसंमेलनाचा पडदा त्याने रंगवावयाचा. प्रमाणपत्रांवर नावे त्याने घालावयाची, कारण अक्षर त्याचे चांगले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे अर्ज संगणकावर भरणे, मुलांची छायाचित्रे चढवणे, पुढे दहावीच्या निकालात अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ व क श्रेणीस ३ असे जे वाढीव गुण मिळतात त्यांचे प्रस्ताव तयार करणे, हेही त्याच्याकडेच. आणि गणिताचे किंवा इंग्रजीचे गुरुजी रजेवर गेले की तो वर्ग सांभाळण्यास हमखास याचीच रवानगी व्हावयाची. कारण चित्रकलेचा तास बुडाला तर कोणाचे काय बुडते! या सर्व उलाढालीतून उरलेल्या वेळात तो चित्रकला शिकवतो.

या हमालीपैकी जेवढी यंत्राने गिळता येईल तेवढी यंत्राने खुशाल गिळावी. अर्ज, याद्या, प्रस्ताव, छायाचित्रे हे सारे काम संगणकाने आपल्या अंगावर घेतले, तर त्या संगणकास आम्ही स्वतः हार घालू. मौज अशी की, येथे संगणकाने बहुधा उलटाच प्रकार केला आहे. पूर्वी जी यादी एकदा कागदावर लिहिली म्हणजे सुटका होत असे, ती आता कागदावर एकदा, संगणकावर दुसऱ्यांदा आणि वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर तिसऱ्यांदा द्यावी लागते.

आम्ही यंत्रद्वेष्टे आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये, म्हणून यंत्राच्या एका खऱ्या उपयोगाचा येथे आवर्जून उल्लेख करतो. साठ मुलांच्या वर्गात शिक्षक कागदावर जलरंगाचा हात फिरवून दाखवू लागला, तर पहिल्या दोन बाकांपलीकडे कोणासही काही दिसत नाही. कुंचल्यात पाणी किती घेतले, रंग कागदावर ओला असतानाच दुसरा रंग त्यात कसा सोडला, हे पाहिल्यावाचून कळण्यासारखे नाही. अशा वेळी साध्या मोबाइलास एका दांडीवर उलटे बांधून त्याखाली शिक्षकाने चित्र काढावे व तो चालता हात प्रोजेक्टरने भिंतीवर मोठा करून दाखवावा. वर्गात शिक्षक तोच, मुले तीच. फक्त शेवटच्या बाकापर्यंत हात पोहोचला. तंत्रज्ञानाचा यापेक्षा सुंदर उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.

परंतु ज्या सोयीचा आज गाजावाजा चालला आहे, ती ही नव्हे. ती अशी की, गुरुजींनी कळ दाबावी, पडद्यावर कोणी अनोळखी कलावंत तांब्या किंवा बादली सराईतपणे काढून दाखवील, आणि मुलांनी ते पाहून उतरवून घ्यावे. गुरुजींनी या वेळात प्रस्ताव भरावेत. तास शांततेत पार पडतो, चित्रे एकसारखी नीटस येतात, आणि तपासणीस येणारे साहेब खूष होऊन जातात. एवढे असूनही या तासात चित्रकला शिकवली गेली नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि त्याचे कारण चित्रकलेच्या अगदी मुळाशी आहे.

वस्तुचित्र हा विषय शाळेत कशासाठी ठेवला आहे? टेबलावर तांब्या ठेवला म्हणजे त्याचे तोंड वस्तुतः वाटोळे असते, पण बसलेल्या मुलास ते वाटोळे दिसत नाही, लंबवर्तुळ दिसते. पुढच्या बाकावरील मुलगा टेबलाजवळ असल्याने तांब्याच्या तोंडात वरून पाहतो, त्यास ते लंबवर्तुळ पसरट व उघडे दिसते. मागच्या बाकावरच्या मुलीस तेच मिटत आलेले, नुसत्या जाड रेघेसारखे दिसते. म्हणजे एकाच तांब्याची साठ निरनिराळी चित्रे त्या वर्गात निघाली पाहिजेत, आणि ती तशी निघाली तरच धडा साधला! आपल्याला ठाऊक असते ते एक व दिसते ते दुसरे, हा भेद मुलाच्या ध्यानी आणून देण्यासाठीच हा सारा खटाटोप. आता तोच तांब्या पडद्यावर आणा. घनवस्तूची सपाट आकृती कॅमेऱ्याने आधीच करून टाकली. मुलाने जे कष्टाने करावयाचे, तेच यंत्राने करून ठेवले. पहिल्या बाकावरून पाहा की शेवटच्या, लंबवर्तुळ एकच. साठ मुलांनी एकाच उंचीवरून पाहिलेला, म्हणजे वस्तुतः एकानेही न पाहिलेला तांब्या काढला. शुद्धलेखनाच्या तासाला मुलांनी लिहिण्याऐवजी छापील उतारा वहीत चिकटवावा, त्यातलाच हा प्रकार.

चांगला कलाशिक्षक काय करतो? तो मुलाच्या पाठीमागे जातो, वाकून आपला डोळा मुलाच्या डोळ्याच्या उंचीस आणतो, आणि मग विचारतो, 'बाळ, तुला येथून तांब्याचा तळ दिसतो का रे?' भिंतीवर टांगलेल्या कोणत्याही यंत्रास असे वाकता येत नाही.

याच मराठवाड्याच्या इतिहासातील एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. विलायतेस पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळून गेल्या. पुढे निजामाच्या राज्यात, ज्या राज्यात त्या काळी हिंगोलीही होती, गुलाम यझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्याचे ग्रंथ प्रसिद्ध केले. अभ्यासकास नकलांपेक्षा ते अधिक विश्वसनीय वाटावेत, यात नवल नाही. छायाचित्राने नकलेवर मात केली, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु दिव्याच्या उजेडात भिंतीसमोर महिनोन् महिने बसून ज्यांनी रेषेमागून रेषा उतरवली, त्यांच्या हातात व डोळ्यांत जे आले, ते आगीत जळाले नाही; आणि ग्रंथाची पाने उलटणाराच्या हाती ते येतही नाही.

प्रतिपक्ष येथे राजा रविवर्म्याच्या छापखान्याचा दाखला देईल. १८९४ च्या त्या छापखान्याने चित्र घरोघर नेले, हे खरेच आहे. दादासाहेब फाळक्यांनी तर यंत्रासच कला बोलावयास लावले. पण फाळके आधी जे. जे. मध्ये व बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो त्यानंतर. हाताने पाहावयास शिकलेल्या मनुष्याने यंत्र हाती घेणे निराळे, आणि हातच शिकू नये म्हणून यंत्र पुढे करणे निराळे.

आता मुख्य आक्षेप. 'जेथे कलाशिक्षकच नाही, तेथे पडदा तरी असू द्या; नाहीपेक्षा बरे.' हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सेनगावकडील किंवा कळमनुरीच्या डोंगराळ भागातील एखाद्या मुलीस अजिंठ्याचा पद्मपाणी पडद्यावर दिसला, तर तो दिसू नये असे म्हणणारा करंटाच म्हणावा. पण तेथे कलाशिक्षक का नाही, हेही विचाराल की नाही? २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेचा निदेशक सांगितला तो अंशकालीन, आणि तोही शंभरांहून अधिक मुले असतील तेथेच. ज्या वाडीवस्तीच्या शाळेत शंभर मुले भरत नाहीत, तेथील मुलांस हात नसतात, अशी कायदा करणारांची समजूत असावी. अशा ठिकाणी पडदा प्रथम तात्पुरता म्हणून येतो आणि मग कायमचा होतो. पुढे कोणी शिक्षक मागितला की उत्तर तयार असते: 'पडदा दिला आहे ना?'

हे आम्ही केवळ कल्पनेने बोलत नाही. फ्लेक्सच्या फलकांचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. गावोगाव दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. त्यांचे काम सोपे करण्यासाठी म्हणून यंत्र आले नाही, त्यांच्यावाचून चालावे म्हणून आले. शाळेतही स्वागताचा फलक बाजारातून छापून येऊ लागला तेव्हा कलाशिक्षकास एक हमाली कमी झाल्याचे समाधान वाटले असेल. पण ज्या शाळेस त्याच्या हाताची गरज फलकापुरतीच वाटत होती, तिला मग त्याची गरजच वाटेनाशी झाली. उद्या पाच तालुक्यांस मिळून एकाच गुरुजींचा ध्वनिचित्रमुद्रित धडा पुरेल, असे कोणी सुचवले तर ती सूचनाही 'शिक्षकाची सोय' याच नावाखाली येईल.

कृत्रिम बुद्धीविषयी फार लिहावयाचे कारण नाही. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ काढ म्हटले की ती एक देऊळ काढून देते. ते सुबकही असते, पण कोठलेच नसते. ज्या मुलाचे गाव त्या देवळापासून तासाभराच्या वाटेवर आहे, त्याने ते चित्र छापून वहीत लावावे, यासारखी दुसरी विटंबना कोणती? त्या भिंतींवरील मूर्तींच्या रांगा झिजल्या आहेत, काही भंगल्या आहेत. मुलाने एक दिवस पेन्सिल व फळी घेऊन त्यांच्यासमोर बसावे, आणि भंगलेला हात कोठवर गेला असेल याचा विचार करीत काढावे. पिवळा रंग संपला तर वसमतेची हळद आहे. या सहलीस एसटीचे भाडे व एक शिक्षक एवढेच लागते. आणि त्यांतले भाडे कसेही जमते.

येत्या जूनमध्ये ज्या शाळांत डिजिटल फळा विकत घेण्याचा ठराव येईल, तेथील व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी एवढे करावे की, त्याच बैठकीत कलाशिक्षकाची जागा किती वर्षे रिकामी आहे हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. २००९ च्या त्याच कायद्याप्रमाणे अशा समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. तेव्हा मतांची अडचण पडण्याचे कारण नाही.