डोमकळी दिसते, गाठ दिसत नाही



कपाशी फुलावर आली की ओळीत शिरून आपण पहिल्यांदा काय बघतो? डोमकळी. फूल नीट उमलले नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या आवळून राहिल्या, की आत शेंदरी बोंडअळी बसली आहे हे ओळखायला शेतीची पदवी लागत नाही. पीक बाहेरून हिरवेगार असते, पाने धड असतात, तरी आपण फसत नाही. कवडी कापूस हातात आल्यावर फवारा मारून उपयोग नसतो, हे 2017 च्या हंगामाने आपल्याला चांगलेच शिकवले आहे.

हीच नजर आपण आपल्या अंगाकडे का वळवत नाही, हा या वेळचा प्रश्न आहे. विषय कॅन्सरचा आहे. आम्ही डॉक्टर नाही, शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत. औषध सांगणे आमचे काम नाही. पण जिल्ह्या-जिल्ह्यात बैठकांना फिरताना एकच हिशेब सगळीकडे ऐकू येतो: "दुखत नाही ना? मग राहू दे. सुगी झाली की बघू." हा हिशेब चुकीचा आहे आणि तो घरातली कर्ती माणसे घेऊन जातो.

कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच तो लपतो. आपल्याकडे दुखणे म्हणजे जे कामाला उठू देत नाही ते. त्यामुळे पेरणीत ते मागे पडते, निंदणीत मागे पडते, वेचणीत मागे पडते, ज्वारीची काढणी-मळणी होईपर्यंत सहा-आठ महिने गेलेले असतात. जेव्हा दुखू लागते तेव्हा पुष्कळदा रोगाने मुळे धरलेली असतात.

मग बघायचे काय? आधी तोंड. खर्रा, मावा, गुटखा, तंबाखू-चुना खाणाऱ्याने आणि मशेरी लावणाऱ्या बाईने महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहावे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? तिखट सोसेनासे झाले का? तोंड उघडल्यावर तीन बोटे उभी आत जातात का? जात नसतील तर दवाखाना गाठावा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नये.

बायांनी छातीत न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून येणारे रक्त याकडे लक्ष द्यावे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणे असू शकतात. हे बोलायची लाज वाटते हे आम्हाला कळते. म्हणून ते इथे छापून देत आहोत. घरात मोठ्याने वाचावे.

आणखी काही खुणा आहेत. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणीही गिळवत नाही. आवाज तीन आठवडे बसलेला राहतो. मानेत, काखेत न दुखणारी गाठ येते. खोकल्यातून रक्त पडते. तेव्हा टीबीची तपासणी आधी होते, पण तेवढ्यावर खोकला थांबला नाही तर पुढचे कारण शोधायला सांगावे. शौचातून रक्त जाते आणि आपण मूळव्याध समजून वर्षभर झाडपाला खातो. काही कारण नसता वजन उतरते.

या खुणा दिसल्या म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही. बहुतेकांच्या बाबतीत कारण दुसरेच, साधे निघते. पण ते साधे आहे हे तपासून कळते, थांबून नाही. ध्यानात ठेवायला एक माप पुरे: कोणतीही नवी खूण तीन आठवड्यांत गेली नाही, तर हंगाम कोणताही असो, दवाखान्यात जायचे. रक्त पडले किंवा गाठ लागली तर तीन आठवडेही थांबायचे नाही.

"कॅन्सर म्हणजे कॅन्सल, आधी कळून तरी काय करायचे?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उत्तर आपल्याच कोरडवाहू मुलखाने दिले आहे. बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतल्या ज्वारीच्या गावांत कार्यकर्ते फिरले, लोकांशी लक्षणांबद्दल बोलले. काही वर्षांतच गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असलेल्या बाया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते, गावात माहिती पोचली होती.

त्यापुढची गोष्ट तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. 1999 नंतर तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायांचा अभ्यास झाला. चार गट केले. एका गटातल्या बायांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली आणि ज्यांच्यात बदल सापडला त्यांच्यावर उपचार झाले. एका गटाची वेगळी तपासणी झाली नाही. 2009 साली निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने 64 बाया गेल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आले. हे ज्ञान आपल्या मायबहिणींच्या अंगावरून जगाला मिळाले. ते त्यांच्याच गावच्या आरोग्य केंद्रात किती पोचले?

तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर व्हावी, हे सरकारच्या कार्यक्रमात 2016 पासून लिहिलेले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. कागदावर योजना आणि शिवारात ठणठणाट, हे आपल्याला काही नवे नाही.

दुसऱ्या बाजूनेही सावध राहिले पाहिजे. कॅन्सरच्या भीतीचा धंदाही होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे प्रकरण 2019 साली विधिमंडळापर्यंत गाजले. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितल्यावर घाबरलेली बाई तयार होते. तेव्हा नियम असा ठेवावा: कॅन्सर आहे असे कोणी म्हटले तर तुकडा तपासला का, कागद कुठे आहे, हे आधी विचारायचे. कागद हातात घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा. मोठे ऑपरेशन नुसत्या तोंडी सांगण्यावर करून घ्यायचे नाही. पण हे निमित्त करून तपासणीही टाळायची नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. भाव नाही म्हणून हातात पैसा नाही, पैसा नाही म्हणून दुखणे अंगावर काढायचे, हे आमच्यापुरते तरी कोणी वेगळे समजावून सांगायला नको. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. तालुक्याचे हेलपाटे आणि बुडालेला रोज मात्र योजनेतून पुरते भरून निघत नाहीत, आणि गरीब माणूस नेमका तिथेच अडतो. भावाची लढाई सोडायची नाही. पण भाव मिळेपर्यंत गाठ थांबत नाही. शिवाय लवकर सापडलेला रोग थोड्यात आटोपतो. उशिरा सापडला तर बैलजोडी जाते, जमीन जाते आणि माणूसही जातो.

यात बाईचा नंबर नेहमी शेवटचा. 1986 साली चांदवडला लाखो मायबहिणी जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत कितीतरी घरांनी सातबाऱ्यावर तिचे नाव लावले. नाव लावणाऱ्या घरात तिला दवाखान्यात जायला एसटीच्या भाड्यासाठी नवऱ्याचे तोंड बघावे लागत असेल तर ते नाव नुसते तलाठ्याच्या दप्तरात राहिले.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. एक, प्रत्येक गावशाखेने वेचणीच्या आधी एक दिवस ठरवून तिशीवरच्या सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रावर एकत्र न्यावे, तपासणी मागावी आणि झाली नाही तर तसे लेखी घ्यावे. एकटी बाई गेली तर परत पाठवतात, पन्नास गेल्या तर खुर्ची देतात. दोन, हेलपाट्यांसाठी गावशाखेने वर्गणीची पेटी ठेवावी. तीन, एचपीव्हीची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात मिळाली पाहिजे, अशी मागणी भावाच्या मागणीसोबत निवेदनात घालावी.

बैठकीत यावर चर्चा व्हावी, पटत नसेल तर विरोधही व्हावा. पण बैठकीला निघण्याआधी प्रत्येकाने एकदा उजेडात तोंड उघडून बघावे आणि घरातल्या बाईला विचारावे, तुला काही होते का? ती नाही म्हणेल. पुन्हा विचारावे.